तळ्यातल्या घराचा शेवटचा भाग

त्या दोघांची पहिली गाठ पडली ती एका ओळीवर, आणि ती ओळ तिने सरळ खोडून टाकली.

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. समोर गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर 'तळकोश' उघडून बसायची. 'तळ्यातलं घर' नावाची एक जुनी रेडिओ मालिका होती. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या घरात एक बाई अजून राहते, आणि एक पाणबुड्या तिला भेटायला खाली उतरतो, अशी ती गोष्ट. शेवटाला येता येता मालिका अचानक बंद पडली. केंद्राने टेपा पुसून त्यांच्यावर दुसरंच काहीबाही भरलं. उरले ते कुणाकुणाच्या घरच्या कॅसेटवरचे थोडेसे भाग. तिच्या बाबांच्या कॅसेटवर दोन गाण्यांच्या मधे असाच अर्धा भाग भरला गेला होता. तो ऐकून लहानपणी ती पाण्याच्या पिंपात वाकून बघायला घाबरायची. मोठी झाल्यावर भीतीची गोडी लागली.

अशाच गोडी लागलेल्या लोकांनी मिळून इंटरनेटवर तो कोश उभा केला होता, आणि ती त्याची तपासनीस होती. नियम एकच. लिहाल त्याला संदर्भ द्या. कोणता भाग, कुठलं ध्वनिमुद्रण, कुणाची मुलाखत, कुठलं कात्रण. 'मला आठवतंय' चालणार नाही, 'सगळ्यांना माहीत आहे' तर मुळीच नाही. संदर्भ नसलेली ओळ ती इतक्या निर्दयपणे उडवायची की सगळे तिला 'कात्री' म्हणायचे. तिलाही ते नाव आवडायचं.

आणि एक दिवस 'भिंतीलाकान' नावाच्या कुणीतरी एका हरवलेल्या भागाच्या पानावर लिहिलं: 'या भागात बाई बोलण्याआधी कपावर चमचा वाजवते. पाणबुड्या चुकून "उद्या येतो"च्या ऐवजी "काल येतो" म्हणतो, आणि कुणी ते दुरुस्त करत नाही.'

तिने ओळ उडवली. संध्याकाळी ती परत हजर. तिने पुन्हा उडवली आणि चर्चेच्या पानावर लिहिलं, "संदर्भ?"

"ऐकलंय."

"कुठे?"

"घरी."

"अहो, हा भाग कुणाच्याच घरी नाही. आम्ही सगळीकडे शोधून दमलो."

"मग माझं घर राहिलं असेल शोधायचं."

तिला हसू आलं, पण तिने ओळ उडवलीच. मग तो रोज काहीतरी लिहायचा, ती रोज उडवायची, आणि खाली दोघांचं भांडण लांबत जायचं. तो बेकरीत कामाला होता, पहाटे भट्टीवर जायचा आणि दुपारी घरी येऊन झोपायचा, हे तिला त्या भांडणातूनच कळलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते मात्र कुणालाच कळलं नाही.

"तू माझी इतकी वाक्यं कापलीस की तुझ्याकडे आता माझं एक आख्खं पुस्तक साठलं असेल," त्याने एकदा लिहिलं.

"कचऱ्यात टाकते मी."

"एकही ठेवलं नाहीस?"

तिने मोबाइल उपडा ठेवला. एक ठेवलं होतं... पण ते सांगायचं नव्हतं.

मग ती कॅसेट सापडली. कुणाच्या तरी मामांचं घर आवरताना ट्रंकेच्या तळाशी. तोच हरवलेला भाग. त्याचं ध्वनिमुद्रण कोशावर आलं आणि दुकानात बसल्या बसल्या तिने कानात इअरफोन घातले. आधी नुसती खरखर. मग कपावर चमचा वाजला. बाईचा खोल, ओलसर आवाज आला. आणि मग पाणबुड्या म्हणाला, "निघतो आता. काल येतो."

तिच्या हातातली काच घासायच्या चाकावरून निसटली. भर दुपारी, रस्त्यावर एवढी वर्दळ असताना, तिच्या मानेवर कुणीतरी गार बोट टेकवल्यासारखं झालं.

"तुझ्याकडे ही कॅसेट आहे," तिने लिहिलं.

"नाही."

"मग कसं कळलं तुला?"

"सांगितलं तर वेडा म्हणशील. माझ्या खोलीच्या भिंतीतून ऐकू येतं. मी राहायला आलो तेव्हापासून, रोज दुपारी. एक बाई आणि एक माणूस. काय बोलतात ते शोधता शोधता तुमच्या कोशात येऊन पडलो... तू स्वतः येऊन ऐकशील?"

ती दोघं एकाच शहरात राहत होती. हे कळल्यावर तिला आनंद झाला की भीती वाटली, तिलाच सांगता आलं नसतं.

ताईला मात्र लगेच सांगता आलं. "अनोळखी माणसाच्या खोलीवर जाऊन भिंतीला कान लावायचा? याहून बरं निमित्त सुचलं नाही होय गं त्याला?"

"ताई, संदर्भ तपासायचा आहे."

"संदर्भच तो. चल, मीही येते तपासायला."

दार उघडलं तेव्हा त्याच्या भुवयांवर पीठ होतं. तो उंच होता, थोडा वाकून उभा होता, आणि लेखनात जितका चुरुचुरु बोलायचा तितकाच समोर मुका झाला होता.

"तू... म्हणजे तुम्ही... कात्री?"

"आणि तू भिंत."

"भिंतीला कान," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

खोलीला ताज्या पावाचा वास होता. एक पलंग, एक खुर्ची, आणि मागच्या बाजूला खिडकी नसलेली आख्खी पांढरी भिंत. ताईने खुर्ची पटकावली. ती दोघं भिंतीला कान लावून उभी राहिली, समोरासमोर, कारण दोघांनी एकाच दिशेला तोंड केलं असतं तर फारच विचित्र दिसलं असतं. आता मात्र त्याहून विचित्र झालं. त्याचे डोळे वीतभर अंतरावर होते. पापण्यांवरही पीठ होतं.

"श्वास जरा हळू घे," ती कुजबुजली.

"प्रयत्न करतोय. तू जरा कमी बघ."

आणि कपावर चमचा वाजला.

बाई बोलली. भिंत मधे असूनही आवाज पाण्यातून यावा तसा गोल होऊन येत होता. माणसाने उत्तर दिलं. हा भाग कुणाच्याच कॅसेटवर नव्हता, याची तिला पुरती खात्री होती. पाणबुड्या खाली उतरला होता, घर गाळाने भरत चाललं होतं. शेवटी बाईने विचारलं, "परत येशील ना?"

मग अगदी जवळून, जणू त्या दोघांच्या कानांच्या मधूनच, माणूस म्हणाला, "परत यायला मी गेलो कुठे होतो? तू दार लावलंस तेव्हा मी आतच होतो."

नंतर काहीच नाही. तिचा एक हात त्याच्या हातात होता, आणि कुणी कुणाचा धरला हे दोघांनाही माहीत नव्हतं.

"बघू," म्हणत ताई उठली. "मघाशी मीही लावला होता की कान, या कडेला. बाई छान बोलते. पण बिचारी एकटीच बोलते, मधे मधे गप्प बसते."

"एकटी?" दोघं एकदम म्हणाली. "आणि तो माणूस?"

"कुठला माणूस?" ताई म्हणाली.

भिंतीपलीकडे दुसरी इमारत होती, पाठीला पाठ लावून उभी. तिचा दरवाजा मागच्या गल्लीत. तो आजवर तिकडे गेला नव्हता. "भीती वाटायची," तो तिथला जिना चढताना म्हणाला. "एकट्याने काय कळलं असतं कुणास ठाऊक."

दार उघडणाऱ्या म्हाताऱ्या बाईंचे केस पांढरेशुभ्र होते आणि पाठ ताठ. त्यांनी "कोण हवंय?" एवढंच विचारलं, आणि हिला रडूच फुटायचं बाकी राहिलं. तो तळ्यातला आवाज होता.

बाईंनी तिघांनाही आत बोलावलं. टेबलावर कप आणि चमचा होता. भिंतीला लागून रिकामी खुर्ची.

"ऐकू जातं का पलीकडे? अगं बाई! माफ करा हं," त्या ओशाळून हसल्या. "रोज एक भाग म्हणते. जिभेला गंज चढू नये म्हणून. पाणबुड्याचं काम करायचे आणि मालिकाही लिहायचे ते माझे... आमचं लग्न ठरलं होतं. शेवटचा भाग भरायच्या आधीच ते गेले. मालिका तिथेच थांबली."

"आणि त्यांची वाक्यं?" तिने हळूच विचारलं. "ती कोण म्हणतं?"

"कुणीच नाही. पाठ आहेत मला, पण माझ्या तोंडून निघत नाहीत. ते बोलायचे तेवढा वेळ मी थांबते." बाईंनी खुर्चीकडे पाहिलं नाही. "एक तेवढं पाठ नाही. शेवटचं. मी विचारते, 'परत येशील ना?' त्यावर ते काय म्हणणार होते ते कधी लिहिलंच नाही त्यांनी. म्हणायचे, माईकसमोरच सांगेन, तोवर तुलाही नाही. फार खोडकर होते. तो भाग आला की मी दर वेळी विचारते आणि थांबते. काय करणार, खोड जडली."

बेकरीवाल्याने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे.

तिला जे सांगायचं होतं त्याला जगात कुठेच आधार नव्हता. असली ओळ कोशात आली असती तर तिने डोळे मिटून उडवली असती. आणि ते खोटं ठरलं तर? एका म्हाताऱ्या बाईच्या जखमेवर बोट ठेवायचं, ते दोन वेड्यांना भिंतीतून भास झाला म्हणून?

"सांग," तो अगदी हळू म्हणाला. "मीही ऐकलंय. तू एकटी नाहीस."

"बाई," ती म्हणाली, "हे मी सिद्ध करू शकत नाही. पण आम्हा दोघांना त्यांचा आवाज ऐकू आला. ते म्हणाले... 'परत यायला मी गेलो कुठे होतो? तू दार लावलंस तेव्हा मी आतच होतो.'"

बाईंनी टेबलावरचा चमचा उचलला आणि परत ठेवला.

"'आतच' म्हणाले की 'इथंच'?"

"'आतच'."

"'इथंच' म्हटलं असतंत तर हाकलून दिलं असतं तुम्हाला," बाई म्हणाल्या. "रागावून मी दार लावून घेतलं की ते मागून यायचे आणि म्हणायचे, अगं वेडे, कुणाला बाहेर काढलंस? मी आतच आहे. हे मी कुणाला, अगदी कुणाला सांगितलेलं नाही." मग त्या सावकाश भिंतीजवळच्या खुर्चीकडे वळल्या आणि लटक्या रागाने म्हणाल्या, "एवढी वर्षं लावलीत होय सांगायला? आणि तेही परक्यांना आधी!"

हसता हसता त्यांचे डोळे वाहत होते. खुर्चीवर कुणी नव्हतं. तरी ताईने, जी कुणालाच भीत नसे, जाताना त्या बाजूने न जाता टेबलाला वळसा घातला.

बाईंनी पुढे त्यांना रीतसर मुलाखत दिली. हरवलेल्या भागांतली आपली सगळी वाक्यं सांगितली, आणि कोशाच्या पानापानावर तिने मानाने संदर्भ लिहिला. शेवटच्या भागाबद्दल मात्र बाई म्हणाल्या, "ते नका लिहू. ते माझं आहे." म्हणून तिथे तिनेच लिहिलं: 'या भागाचा शेवट उपलब्ध नाही.' कोशात तिने स्वतःच्या हाताने लिहिलेलं ते एकमेव खोटं. ते कुणीही खोडलं नाही.

भिंत गप्प झाली. बाईंना आता थांबायचं कारण उरलं नव्हतं. दुपारी त्या फिरायला जाऊ लागल्या, आणि बेकरीवाल्याला शांत झोप मिळू लागली. म्हणजे मिळायला हवी होती.

पुढच्या आठवड्यात दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी तिने त्याचं दार वाजवलं. बरोबर ताई नव्हती.

"आता ऐकायला काही नाही," तो म्हणाला. पीठ आज नाकावर होतं.

"माहीत आहे मला."

"बाई बाहेर गेल्यात. आत्ताच समोरच्या रस्त्याने जाताना दिसल्या."

"बरं."

"मग... कशाला आलीस?"

"तपासायला," ती म्हणाली, आणि सरळ जाऊन भिंतीला कान लावून उभी राहिली. तो आला. समोरासमोर, वीतभर अंतरावर. भिंत गार होती. पलीकडे घर रिकामं होतं.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "म्हणजे... भट्टीसमोर उभा असतो ना, तेव्हा मी पूर्ण वाक्य तयार करतो. पण तू समोर आलीस की... मला... तू..."

तिने वाट पाहिली. त्याने नाकावरचं पीठ पुसलं, आणि मग पुन्हा पुसलं.

आणि भिंतीतून, त्या रिकाम्या घरातून, माणसाचा वैतागलेला, खोडकर आवाज आला.

"अरे, बोल की!"

ती किंचाळून त्याला बिलगली. तो इतका दचकला की वाक्य आपोआप बाहेर पडलं, चांगलं मोठ्याने, आख्ख्या जिन्यात घुमेल असं. "माझं तुझ्यावर प्रेम आहे!"

भिंतीकडे बघायची हिंमत कुणात नव्हती. मग तिने त्याच्या शर्टात तोंड लपवलं आणि म्हणाली, "माझंही. पण हळू बोल ना... ऐकतायत ते."