खाली कुणी नाही

रोगी दारात आला की आधी त्याचं ऐकून घ्यावं, मग हात लावावा, अशी वैद्यांची रीत होती. वैद्य म्हणजे औषध देणारे नव्हेत, डिझेल गाड्यांचे मिस्त्री. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवून ते आतलं दुखणं सांगत. म्हणून गॅरेजच्या गल्लीत हे नाव पडलं आणि चिकटलं.

त्या दुपारी रोगी घरचाच होता. जावयाचा ट्रक. कुणा मेलेल्या मिस्त्रीच्या बंद गॅरेजमधून त्याने तो नुकताच आणला होता.

"मामा, चढ असो, सपाटी असो, मनात येईल तिथे बंद पडतो," जावई म्हणाला. "थोडं थांबलं की पुन्हा चालू. जसं काही झालंच नाही."

"बंद पडायच्या आधी आचके देतो?"

"छे. गपकन. दिव्यावर फुंकर मारावी तसा."

आचके देत मेलेलं इंजिन डिझेलविना मेलेलं असतं, ते समजतं. गपकन मेलेल्याचं काही खरं नसतं. भरलेल्या गाडीचं इंजिन उतारावर बंद पडलं की स्टिअरिंग दगड होतं आणि ब्रेकची हवा संपत जाते. जावई उद्याच सिमेंट भरून घाट उतरणार होता. लेक एकुलती एक, त्यात तिला सातवा महिना, बाळंतपणाला माहेरी आलेली. वैद्यांना भीती वाटली, पण ती दाखवायची कुणाला? त्यांनी बाह्या सरसावल्या.

आधी टाकी उपसली. टाकीत चिंधी तरंगत असली तर ती नळीच्या तोंडाशी बसते आणि इंजिन मेलं की सुटते. असले चोर त्यांनी पुष्कळ पकडले होते. या टाकीत चोर नव्हता. मग फिल्टर पाहिला, पंप पाहिला, वायरी पाहिल्या. एकेका सिलिंडरची नळी सैल करून आवाज ऐकला. सगळे सिलिंडर ठणठणीत.

"नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात," वैद्य कपाळ पुसत म्हणाले. "इथे तर अंगणसुद्धा सरळ आहे हो, जावईबापू."

जावई हसला. वैद्य हसले नाहीत. त्यांनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि पेचकस कानाला लावून उभे राहिले. बराच वेळ सगळं सुरळीत होतं. मग त्यांना ऐकू आलं. टक, टक, टक. लोखंडावर लोखंड. तिसऱ्या ठोक्याला इंजिन बंद.

पत्र्याच्या शेडमध्ये एकदम शांतता झाली. बाहेर लख्ख ऊन होतं. गरम ऑइलचा वास येत होता, आणि त्याच्यामागून आणखी एक, बंद खोलीतल्या ओल्या मातीचा.

"इंजिनचा ठोका आहे का मामा?"

"नाही... पाना आहे."

जावयाला कळेना. तो ड्रायव्हर, मिस्त्री नव्हे. गाडीखाली शिरलेला मिस्त्री पाना तीनदा चेसिसवर, गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, आपटतो. म्हणजे, मी खाली आहे, इंजिन बंद कर. वरच्याने बंद करून दारावर एक थाप द्यायची. म्हणजे, ऐकलं, आता बाहेर ये. थाप मिळेपर्यंत खालचा जागचा हलत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडला तर माणूस जातो.

वैद्यांनी वाकून टॉर्च मारला. खाली कुणी नव्हतं. सुकलेलं ग्रीस, आणि आपणच अंथरलेला पुठ्ठा.

इंजिन पुन्हा चालू केलं. पुन्हा तीन ठोके, पुन्हा बंद.

"इंजिन बंद होतंय," वैद्य पुटपुटले. "पण थाप कुणी देत नाही... म्हणून परत परत मागतोय."

"कोण, मामा?"

भीतीपेक्षा वैद्यांना लाज जास्त वाटली. माणूस खाली आणि आपण थाप दिली नाही, असं त्यांच्या हातून आजवर झालं नव्हतं. त्यांनी दारावर एक थाप मारली.

"ये बाबा बाहेर. बंद आहे."

खाली पुठ्ठा घासल्यासारखं झालं. कुणी पाठीवर सरकत बाहेर येतं तसं, थांबत थांबत. मग पलीकडच्या दाराची पायरी करकरली. गाडी त्या अंगाला किंचित कलली आणि तशीच राहिली.

"स्प्रिंगचे पाटे बसले असतील," जावई हळूच म्हणाला.

संध्याकाळपर्यंत इंजिन एकदाही बंद पडलं नाही. वैद्यांनी दोन दिवस गाडी इथेच ठेवून जा म्हणून विनवलं. "मामा, रोगी चालायला लागला की वैद्याने आडवं येऊ नये," असं म्हणून जावई सकाळी निघून गेला.

दुपारी वैद्य घरी असताना फोन आला.

"मामा, घाट उतरलो. कुठे अडखळली नाही."

वैद्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून लेकीला हाक मारली.

"पण आता वेगळंच झालंय," जावई म्हणाला. "बंदच होत नाही. जेवायला थांबलो, किल्ली काढली. किल्ली माझ्या हातात आहे. इंजिन चालूच."

"डिझेलची नळी सोडा."

"सोडली. कोरडी आहे."

"मग केबिनमधून उतरा. आधी उतरा."

"उतरलोय. गाडीच्या समोर उभा आहे."

फोनमध्ये इंजिन ऐकू येत होतं. कुणीतरी अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दाबला आणि सोडला. काम झाल्यावर मिस्त्री दाबून बघतो तसा.

"मामा..." जावयाचा आवाज अगदी बारीक झाला. "वर कुणीतरी बसलंय. हाताने खुणावतंय... खाली जा म्हणतंय."

"जाऊ नका. ऐकताय ना? गाडीखाली जाऊ नका..."

फोनमध्ये आता फक्त इंजिन होतं. लेक पोटावर हात ठेवून दारात येऊन उभी राहिली होती.

"पोचले का हो बाबा?"

वैद्य फोन कानाशी घट्ट धरून ऐकत राहिले. इंजिन एकसारखं चालू होतं. आवाजात कुठेही दोष नव्हता.