तीन ठिपक्यांचा पाना

जुने स्क्रू-पाने जमवणं हा शहाण्या माणसाचा उद्योग नाही, असं माझ्या बायकोनं मला वीस वर्षं ऐकवलं. ती गेली, मुलगा नवी मुंबईत स्थिरावला, आणि आता खेडच्या या घरात ऐकवायला कोणी उरलं नाही. म्हणून भिंतीवर त्रेसष्ट पाने आहेत. पूर्वी मोटारीबरोबर हत्यारांच्या पेटीत यायचे ते, चाक अंगठ्यानं फिरवून जबडा हवा तेवढा उघडायचा, तसले. जबड्याचा कोन, मुठीचा बाक, गंजाखालचं अर्धं पुसलेलं अक्षर, एवढ्यावरून पाना कुठल्या गाडीचा, साधारण कधीचा, ते मी सांगतो. भंगारवालेसुद्धा विचारायला येतात. काम झालं की निघून जातात, चहाला कोणी थांबत नाही.

त्यामुळे शिमग्याच्या आठवडाभर आधी दाभोळहून कमळावहिनींचा फोन आला, "गुणाभाऊ, एक पाना वळखायचा हाय," तेव्हा मला आनंदच झाला. पहिल्या एसटीनं निघालो.

कमळावहिनी म्हणजे दादूची बायको. दादू आणि मी तरुणपणी खेडच्या एका गॅरेजात एकत्र काम केलेले. पुढे तो दाभोळला परत गेला आणि होड्यांची मशिनं दुरुस्त करू लागला. अकरा वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी कुणाची तरी होडी बंद पडली म्हणून हा हत्यारं होडक्यात टाकून गेला. होडकं उलटं सापडलं. दादू सापडला नाही. भावांनी दिवसकार्य उरकायचं म्हटलं, पण वहिनींनी साफ नकार दिला. काहीतरी हाती लागल्याशिवाय कुंकू पुसणार नाही, म्हणाल्या. अकरा वर्षं त्या ठसठशीत कुंकू लावून बाजारात मासे विकायला बसतात आणि बायका मागून कुजबुजतात.

पडवीत त्यांच्याजवळ केरू नावाचा मासेमार बसला होता. त्याच्याच जाळ्यात पाना आला होता, खाडीच्या तोंडाशी. मध्ये फडक्यात बांधून ठेवलेला.

"सगळ्यांनी बघलानी, कोणाला सांगता येत न्हाय," वहिनी म्हणाल्या. "तुमी त्यांच्यासंगती काम केलात. काय ता खरा सांगा. त्यांचा असंल तर... मी काय ता समजेन."

मी फडकं सोडलं. असला दुसरा पाना मी जन्मात पाहिला नव्हता. तीस वर्षांपूर्वी दादूकडे दोनदा मागितला होता. दोन्ही वेळा तो नुसता हसला होता.

गॅरेजात हत्यारांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक जण आपल्या पान्यावर पंचनं खूण मारतो. दादूची खूण जबड्याच्या आतल्या अंगाला, कोणी बघत नाही तिथे. तीन ठिपके. मी चाकाला अंगठा लावला. अकरा वर्षं खाऱ्या पाण्यात पडलेलं लोखंड हलता कामा नये. ते अलगद फिरलं. अंगठ्याला वंगण लागलं, आणि वास घेतला तर ताजं. आत तीन ठिपके होते.

"केरू, तेल घातलंस काय रे याला?"

"हातपण लावला न्हाय मी," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "जाळ्यातून काडला नि फडक्यात बांधला."

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. घामानं त्यांचं कुंकू जरासं ओघळलं होतं. मी हो म्हटलं असतं तर त्यांनी ते तिथेच पदरानं पुसलं असतं, माझ्या एका शब्दावर. ते माझ्यानं होईना. हे झालं अर्धं खरं. उरलेलं सांगायला लाज वाटते. पाना दादूचा ठरला असता तर वहिनींनी तो कधी मला दिला नसता.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "याची घडण वेगळी. दादूचा नव्हे हा."

त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मोठा श्वास सोडला. "मग तुमीच घेऊन जावा."

घरी आणून भिंतीच्या मधोमध टांगला. दुसऱ्या दिवसापासून घरात खाडीच्या चिखलाचा वास येऊ लागला. जबडा मिटून टांगायची माझी शिस्त. पण दुपारी बघावं तर त्या एकाच पान्याचा जबडा उघडा. वय झालं, विसरत असेन, अशी मी स्वतःची समजूत घातली.

चौथ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, वहिनींचा फोन आला. आवाज लग्नघरातल्यासारखा.

"गुणाभाऊ, हे आलेवते."

"कोण?"

"हे! पहाटं मागल्या दारात. आत न्हाय आले. विचारीत होते... पाना माझा न्हाय असा कोण बोलला."

"मग... तुम्ही काय सांगितलंत?"

"तुमचा नाव सांगितला. बोलले, खाडीखाडीनं वर जातो."

दाभोळच्या खाडीतून वर येत गेलं की वाशिष्ठी लागते, तिला जगबुडी मिळते, आणि जगबुडी माझ्या परसाखालून वाहते. मी खरं सांगून टाकायला तोंड उघडलं.

"वहिनी, तो पाना..."

"थांबा." त्या एकदम हळू आवाजात म्हणाल्या. "पोचले वाटता. मागं बोलतायत न्हवं? त्यांचाच आवाज तो... फोन द्या त्यांना."

घरात मी एकटा होतो. पंख्याची घरघर सोडली तर कसलाच आवाज नव्हता.

"गुणाभाऊ... द्या ना फोन."

त्या सुरापुढे मला नाही म्हणता आलं नाही. मागं वळायचाही धीर होईना. भिंतीकडे तोंड ठेवूनच मी फोन खांद्यावरून मागं धरला. हात दुखेपर्यंत धरावा आणि मग ठेवून द्यावा, असं ठरवलं होतं.

तो कुणीतरी माझ्या बोटांतून हलकेच काढून घेतला.

किती वेळ तसा उभा होतो कोण जाणे. चिखलाचा वास दाटला, मग ओसरला. वळलो तेव्हा फोन टेबलावर होता.

दुसऱ्या दिवशी वहिनींच्या मुलीचा, दर्शनाचा, फोन आला. "काका, आईनं कुंकू पुसलान. कोणी काय सांगितला न्हवता तिला. बाबांनीच सांगितलानी, असा म्हणते."

मी पाना घेऊन दाभोळला गेलो. वहिनींनी तो मुकाट्यानं घेतला, मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं. निघताना न राहवून विचारलं, "वहिनी, काय बोलला तो?"

"बोलले ता माझा हाय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

माझ्या फोनमध्ये तो कॉल अजून आहे. बावीस मिनिटांचा. त्यातली पहिली तीन माझी. उरलेली एकोणीस मिनिटं मी हातभर अंतरावर उभा होतो, आणि मला एक शब्दही ऐकू आला नाही.