पाचवीचा कागद

पाचवीच्या संध्याकाळी, वडूजच्या घरी धोंडुआत्यांनी पाटावर सुपारी मांडली, शेजारी कोरा कागद आणि दौत-टाक ठेवला. रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, म्हणून ही तयारी.

माहेरी बाळंतपणाला आलेली शालू खाटेवरून बघत होती. सांगलीच्या कॉलेजातून गणित घेऊन बी. एस्सी., पहिला वर्ग. लेकीचा लंगोट मात्र अजून नीट बांधता येत नव्हता. आत्या वात आणायला वळल्या, तेवढ्यात तिनं थट्टेनं टाक उचलला आणि कॉलेजातल्या सरांची आवडती संख्या लिहिली. ७३९३९१३३.

"आगं शाले, त्यो कागुद कोराच ठिवत्यात. आपुन लिवायचं नसतं."

"आवं आत्या, लय चिवट संख्या हाय ही. मूळ संख्या. कशानंच भाग जात न्हाई. उजवीकडचा एकेक आकडा पुसत चला, उरंल ती बी मूळच. पार सातापतोर."

"आन् सात पुसल्यावर?"

शालू हसली. सरांनी ते शिकवलं नव्हतं.

सकाळी शेवटचा तीन नव्हता. खरवडल्याची खूण नाही, शाईचा डाग नाही. त्या दिवशी लेक सात वेळा प्यायली. दुसऱ्या सकाळी सहा आकडे; दूध सहा वेळा. शालूनं आधी स्वतःवरच संशय घेतला. जागरणानं डोकं फिरलंय, झोपेत मीच पुसत असेन. तिनं कागद ट्रंकेत घातला, कुलूप लावून किल्ली आत्यांच्या कनवटीला दिली.

तिसऱ्या सकाळी पाच.

डॉक्टर म्हणाले, पहिलटकरणी असंच मोजत बसतात. ती तरी काय करणार, मोजायलाच तर शिकली होती. आत्यांनी मात्र बजावलं, "आता त्येला पुन्यांदा हात लावू नगंस."

बाराव्या दिवशी, ऐन बारशाला, कागदावर फक्त ७ होता. पाळण्याला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. लेक एकदाच प्यायली, मग रडलीसुद्धा नाही. ओठ सुकलेले. "लय गुणाची पोर," बायका म्हणाल्या.

बायका गेल्यावर, कागद पुन्हा ट्रंकेत जायच्या आधी, शालूनं टाक घेतला. साखळी तोडायची तर मूळ नसलेली संख्या हवी. सातापुढे तिनं २ लिहिला. बहात्तर. सहानं, आठानं, नवानं भाग जाणारी. पुसणाऱ्याला तो दोन घेऊ दे. सात लेकीचा राहील. उद्या पुन्हा एक आकडा लिहीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक घटाघटा पीत होती. गाल तांबूस झाले होते.

"बग, आली गं पोर ताळ्यावर," आत्या खुलल्या.

"कागद द्या, आत्या…"

आत्यांनी कुलूप काढून घडी तिच्या हातात ठेवली. शालूनं ती एका हातानं उलगडली. सात गेला होता. रोज उजवीकडून पुसणाऱ्यानं आज डावीकडून पुसलं होतं. उरला होता दोन. आणि दोन हीसुद्धा मूळ संख्या, हे पहिल्या वर्गवालीच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"हाय न्हवं शिल्लक?" आत्यांनी हळूच विचारलं.

"हाय… एक आकडा."

सात लेकीचा होता. हा दोन तिनं स्वतः घातलेला; आता मांडीवर पीत होता तो हाच, लेक नव्हे.

तिनं खाली पाहिलं. छातीशी लेकीचे ओठ भराभर हलताना दिसत होते. जाणवत मात्र नव्हते.