ट्रायलला बसलेला

हसायचं असेल तर पोरांनो, आत्ताच हसून घ्या. मधेच खिदळलात तर मी उठून जाईन. जानेफळचा प्रेमानंद मिस्त्री माझ्या चांगल्या ओळखीचा, आणि हा माणूस थापा मारणाऱ्यातला नाही. गोष्ट गेल्या जानेवारीतली, संक्रांतीनंतरच्या शनिवारच्या रात्रीची. अमावस्या नव्हती. उगाच तिखटमीठ कशाला लावू?

त्या दिवशी तो शालिग्रामच्या जुन्या जीपसाठी रॉकर आणायला डोणगावला गेला होता. रॉकर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचे छोटे दांडे, ते व्हॉल्व्ह दाबतात. झिजले की टकटक वाजायला लागतात. नवे बसवले की प्रत्येकाखाली पातळ पत्ती घालून फट नेमकी ठेवावी लागते. ह्या कामाला दोघं लागतात. एकानं खाली पडून पान्यानं इंजिन फिरवायचं, दुसऱ्यानं वरून "बस्स" म्हणायचं.

अंधार पडल्यावर तो परतला. घरासमोरच शालिग्रामला जीपखाली घातलं आणि काम सुरू केलं. तेवढ्यात शेजारची कलाबाई घरातून धावत आली. प्रेमानंदच्या बायकोला, सुवर्णाला, नववा महिना होता. कळा सुरू झाल्या होत्या आणि अंगावरून रक्त जात होतं. दवाखाना मेहकरला, आणि अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेलेली. गावातल्या गाड्या लग्नाच्या वऱ्हाडात. दारात होती ती फक्त ही डोकं उघडलेली जीप. जन्मभर लोकांच्या गाड्या चालत्या केल्या आणि आपल्या बायकोसाठी एक धड गाडी नाही, म्हणून त्याला रडू कोसळलं. रडतच त्यानं पाना उचलला.

त्यात लाइट गेली. त्यानं मोबाइल दातात धरला.

"फिरव." इंजिन फिरलं. "बस्स." थांबलं.

आत सुवर्णा कण्हत होती. शालिग्राम एरवी भारी बडबड्या, आज अगदी गप्प. बरंच आहे, असं प्रेमानंदला वाटलं. शेवटी शेवटी तर त्यानं "बस्स" म्हणायच्या आधीच इंजिन नेमक्या जागी थांबायला लागलं.

झाकण बसवलं. मिस्त्री लोकांची एक रीत असते. ज्याचा इंजिनाला हात लागला, त्याला ट्रायलला गाडीत बसवायचं. सवयीनं त्याच्या तोंडून गेलं, "चाल, बस बे मांगं. ट्रायल मेहकरच्या रस्त्यानंच होते."

 जीपचं मागचं फाळकं तेवढं वाजलं.

आणि समोरून, रस्त्यावरून, शालिग्राम आला. खांद्यावर जीपची बॅटरी.

"तुले सांगून तं गेलतो, बॅटरी आनाले," तो म्हणाला. "एकट्यानंच फिरवलं काय तू?"

प्रेमानंदनं वाकून पाहिलं. पाना पुलीला लावलेला होता. खाली कोणी नव्हतं...

काय करणार? गाडी एकच होती. त्यानं बॅटरी जोडली, सुवर्णाला उचलून मागच्या सीटवर ठेवलं, कलाबाई तिच्याजवळ बसली. शालिग्राम पुढे. इंजिन पहिल्याच चावीला लागलं. टकटक नाही. काहीच आवाज नाही, म्हणा ना.

गाव मागे पडलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

"प्रेमानंद..." मागून कलाबाई म्हणाली. "ह्या भाऊले म्हन ना, जरा सरकून बस म्हना. सुवर्णाले पाय पसरता येऊन नाही राह्यले."

शालिग्रामनं प्रेमानंदकडे पाहिलं. प्रेमानंदनं आरशाकडे पाहिलं नाही. गाडी थांबवता येत नव्हती. उतर म्हणता येत नव्हतं. त्यानंच तर बसवलं होतं...

"सरक, बाबा," एवढंच तो म्हणाला.

सीट करकरली.

"हाव. आता झालं," कलाबाई म्हणाली.

मेहकर आलं. दवाखान्याच्या दारातून सुवर्णाला आत नेलं. मग प्रेमानंदनं भीत भीत कलाबाईला विचारलं, की तो मागचा... कुठे गेला?

"तो तं आपल्या आंधीच आत गेला ना," ती म्हणाली.

प्रेमानंद भिंतीला टेकून खाली बसला. आत जायची परवानगी नव्हती. रात्रभर त्या बंद दाराकडे बघत राहिला, दुसरं काही त्याच्या हातात नव्हतं.

पहाटे दार उघडलं. सुवर्णा वाचली होती. मुलगी झाली होती. नर्स तिला पांढऱ्या कपड्यात गुंडाळून घेऊन आली, पण जरा चिडलेलीच.

"हिले तीट कोन लावली? आत्ताच तं पुसून आनली मी."

पोरीच्या कपाळावर काळा ठिपका होता. प्रेमानंदनं त्याला बोट लावलं. वास घेतला.

इंजिनाचं तेल... अजून गरम होतं.