नजर आधी पोचते

कुकरची शिट्टी झाली. दुपारचं सुन्न घर दणाणलं. चार वर्षांची श्रुती मात्र हलली नाही.

प्रियदर्शनीनं तिच्या तोंडावर पाणी मारलं. डोळे किलकिले झाले, पुन्हा मिटले. पोरीला छातीशी धरून ती कसबा बावड्याच्या रस्त्यानं धावत सुटली.

"झोप आणणारं औषध गेलंय पोटात," डॉक्टर म्हणाले. "आणि पहिल्यांदा नाही. पुढच्या वेळी श्वास थांबेल."

तो सोमवार होता.

प्रियदर्शनी डोळ्यांच्या दवाखान्यात नजरेच्या हालचाली मोजायची. दोनपर्यंत ती कामावर. नवरा धैर्यशील साखर कारखान्याच्या रात्रपाळीहून येऊन आतल्या खोलीत झोपायचा. श्रुतीला सांभाळायला कामवाल्या झुंबरबाई, त्यांची सोमवारची सुट्टी सोडली तर.

"काय पाजता तिला?" मंगळवारी तिनं विचारलं.

"माझ्या हातनं पोरीला इख जाईल व्हय, वैनी?" झुंबरबाई कडाडल्या. "अकराला बापापाशी निजती, तवा मी भांडी घासती. इचारा की तिलाच!"

"मला कुणी काय न्हाय दिलं," श्रुती म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती.

जिभेला सांगता येत नाही ते नजर सांगेल, म्हणून दवाखान्यातल्या नजर टिपणाऱ्या यंत्रासमोर प्रियदर्शनीनं तिला मांडीवर घेतलं. पडद्यावर दोन-दोन फुगे. निळा-हिरवा, लाल-पिवळा, नजर कुठंही जायची. केशरी आला की आधी तिकडंच. वीसपैकी एकोणीस वेळा.

"कुठला आवडतो गं?"

"निळा की!"

प्रियदर्शनीला आठवलं, झुंबरबाईंची पानाची चंची केशरी होती.

पण सोमवारी झुंबरबाई आल्याच नव्हत्या.

घरी येऊन तिनं धैर्यशीलची डबा न्यायची पिशवी उपसली. तळाशी खोकल्याच्या औषधाची बाटली. केशरी टोपण.

"ती पेंगत असताना हे टोपण तिच्या ओठाला लावायचात," ती म्हणाली. "गोड लागायचं. तिला आठवत नाही. पण गोड कुठून येतं, ते मनाच्या आधी नजरेला कळतं. डोळे रंग शोधत राहिले."

धैर्यशील अंथरुणात उठून बसला. "जरासंच दिलं की गं. उसाचं गळीत चालू हाय. रात्रभर मशीनपाशी उभा ऱ्हातो, एक डुलकी लागली तर हात जाईल. दिवसा हिचा दंगा..."

"आणि हिचा श्वास गेला असता तर?"

त्यानं बाटलीकडं हात नेला.

तिनं बाटली पर्समध्ये टाकली, चार फ्रॉक कोंबले. कळंब्याला आईकडं निघायचं होतं. वाटेत पोलीस ठाणं. जिन्यात श्रुतीनं तिचा पदर ओढला.

"आई, मी अजिबात दंगा न्हाय केला, तर बाबा येतील?"