निघू का?

ग्लासगोत झोपेचं शास्त्र शिकताना मला वाटायचं, म्हैसूरला परतून निद्रा-केंद्र काढलं की माणसं एकेकटी येतील, तारा लावून निमूट झोपतील आणि सकाळी मी त्यांना बरं व्हायचा मार्ग सांगेन. अग्रहार भागातल्या माझ्या दोन खोल्यांत प्रत्यक्षात कुटुंबंच्या कुटुंबं यायची. चटया, डबे, थर्मास घेऊन. एक झोपणार आणि बाकीचे राखण करणार. मी सगळ्यांना घरी पाठवायचे. झोप एकट्या माणसाचीच नीट मोजता येते, असा माझा ठाम विश्वास होता.

नर्मदाबाईंसोबत त्यांची सून आली, सुष्मा. ती शाळेत शिकवायची. परवाच फळ्यापाशी उभ्या उभ्या डोळा लागून ती कोसळली होती. कपाळावर टाके होते. सासूबाई झोपेत बोलायच्या आणि तिला रोज जागून उत्तर द्यावं लागायचं.

"काय बोलतात?"

"'निघू का?' विचारतात, मॅडम. घरी आलेलं माणूस उठताना विचारतं ना, तसं. मी म्हणते, 'थांबा अत्ते, उजाडू दे.' मग गप्प झोपतात."

"आणि उत्तर दिलं नाही तर?"

"दुसरं कुणी देईल ना." तिनं सासूकडे पाहिलं. "सुम्ने, उगाच नाही सांगत, मॅडम. खरंच."

मी सासूबाईंच्या डोक्याला तारा चिकटवत होते. नर्मदाबाई म्हणाल्या, "ए मुली, झोपवतेस की करंट सोडतेस? आणि हिला पाठव घरी. हिच्या घोरण्यानं माझी झोप मोडते."

झोपेतल्या बोलण्यानं काही होत नाही, असं मी सुष्माला समजावलं. तिला एक रात्र तरी सलग झोप मिळावी, एवढंच मला हवं होतं. तिला रिक्षात बसवलं आणि शेजारच्या खोलीत संगणकाच्या पडद्यासमोर येऊन बसले.

गल्लीतले आवाज एकेक करून विझले. कुणाच्या तरी अंगणात फुललेल्या मल्लिगेचा वास खिडकीतून आत आला आणि आतच थांबला. पडद्यावर श्वासाची रेघ संथपणे वर-खाली होत होती.

मग भिंतीपलीकडून, अगदी अदबीनं...

"निघू का?"

मी गप्प राहिले. नोंद करायची, मध्ये पडायचं नाही, हेच शिकले होते.

"बराच वेळ झाला... निघू का?"

"ये."

आवाज पुरुषाचा होता. मायेचा. कसलीच घाई नसलेला.

रेघ सपाट झाली. झोपेत श्वास थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. असे कितीतरी आलेख मी पाहिले आहेत. मी वाट पाहिली. रेघ उठली नाही.

मी आत धावले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. नर्मदाबाई कुशीवर होत्या, चेहरा प्रसन्न, आणि दोन्ही पाय खाटेवरून खाली सोडलेले, चपला शोधत असल्यासारखे. मी त्यांना गदागदा हलवलं, हाका मारल्या. काही नाही. शेवटी माझ्या तोंडून निघालं, "थांबा अत्ते... उजाडू दे."

त्यांनी खोल श्वास घेतला. पाय सावकाश वर घेतले.

उजाडेपर्यंत मी त्यांचा हात सोडला नाही.

सकाळी श्वासाचं यंत्र लिहून दिलं. झोपेत श्वास थांबण्याचा तो आजार खरा आहे. मग रेकॉर्डिंग ऐकलं. "निघू का?" त्यांच्या खोलीतल्या माइकवर स्पष्ट होतं. "ये" तिथे नव्हतं. ते माझ्या टेबलावरच्या माइकवर होतं, इतकं जवळून की शब्दाआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता.

सुष्मा टवटवीत चेहऱ्यानं न्यायला आली. "झोपल्या ना नीट?"

"आज रात्री मी तुमच्याकडे येते," मी म्हणाले. "उद्याही. उत्तर मी देईन, तुम्ही झोपा."

"आणि तुला डोळा लागला," नर्मदाबाई पायऱ्या उतरता उतरता म्हणाल्या, "तर तू काय विचारतेस, ते कोण ऐकणार?"

सुष्मा हसली. मला हसू आलं नाही.

"अंथरुणं एकमेकींना लागून घालू," मी म्हणाले.