जिवाची झडप

फाबियेन, शेगडीत एक ओंडका टाक आणि बस. आज रोपवे काही सुरू होत नाही. तुझ्या या दोघा मित्रांनाही रात्र इथंच काढायची आहे. भुताची गोष्ट हवी म्हणता? माझ्याजवळ भूतबीत नाही. मार्झेलची हकीकत आहे. मार्झेल म्हणजे तुझ्या आजीचा धाकटा भाऊ. जन्मभर पाहुण्यांचं सामान घसरगाडीवरून घरोघर पोचवत आलाय. खोटं बोलला असेल तर ते फक्त पकडलेल्या माशांच्या लांबीबद्दल.

"मग हाही मासाच असणार, आजोबा!"

ऐकून घे. मग हस.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारीची दोन तारीख, मेणबत्त्यांचा सण. सकाळी सगळ्या बायका आशीर्वाद दिलेल्या मेणबत्त्या चर्चमधून घरी आणतात, तो दिवस. दुपारपासून बर्फ पडत होता. संध्याकाळी रोपवेचा सातचा पाळणा खाली आला, त्यातून एक छोटी पिशवी आली. पुलापलीकडे एकट्या राहणाऱ्या फिलोमेनाच्या तळमजल्यावर हॅम्बुर्गचं एक कुटुंब उतरलं होतं, त्यांच्या मुलीची. स्की करून खाली येताना ती वरच्या ठाण्यावरच विसरली होती. पिशवीत कापडाचा ससा होता, आणि सशाशिवाय पोरगी झोपत नव्हती.

मुलीचे वडील, ब्रोडरसेन म्हणून, स्टेशनवर वाट बघत होते. म्हणाले, "मार्झेल, एवढी घरी टाकाल का? आमचं आज हॉटेलात जेवण आहे, नंतर मशालींचा कार्यक्रम बघायचाय."

"टाकतो की. वाटेतच आहे."

"आणि मालकीणबाईंना जरा एक सांगा. आम्हाला संकोच वाटतो. त्यांचा वरचा पाहुणा रात्री स्कीचे बूट घालून चालतो हो. खाटेपासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून खाटेपर्यंत. बूट तेवढे काढायला सांगा म्हणावं."

"सांगतो," मार्झेल हसून म्हणाला.

पुलापर्यंत तो हसतच गेला. पुलावर थांबला.

फिलोमेनाकडे वर पाहुणा नव्हताच. वर एकच खोली. लिआंडरची.

लिआंडर तिचा एकुलता एक. संध्याकाळी स्कीचे उतार बंद झाले की सगळ्यांच्या मागून शेवटी उतरायचं, कुणी मागं राहिलं नाही ना ते पाहायचं, हे त्याचं काम. एका मार्चमध्ये त्याच्यावर बर्फाचा कडा कोसळला. आम्ही सगळे लांब काठ्या खुपसत महिनाभर शोधत होतो. बर्फ वितळल्यावर पुन्हा शोधलं. एक हातमोजा मिळाला. बास.

आपल्या जुन्या घरांत निजायच्या खोलीच्या भिंतीला दोन तळव्यांएवढी झडप असते, ती तुम्ही पाहिली असेल. घरात कुणी गेलं की ती उघडायची, जीव बाहेर जाऊ द्यायचा, आणि लावून घ्यायची. एरवी तिला हात लावायचा नाही. शेजारणी फिलोमेनाला म्हणाल्या, झडप उघड, त्याच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा सांग. फादरही समजावून गेले. ती म्हणाली, "माझ्या हातात मोजा दिलात. मुलगा दिला नाहीत. कुणासाठी उघडू?" कुणी तिच्या पाठीमागं उघडेल म्हणून तिनं झडपेला खिळे मारून घेतले. मारले मार्झेलनं. लिआंडर त्याचा जिवाभावाचा मित्र. त्यालाही ती उघडायला नकोच होती.

आणि तिनं नवस केला. पोर घरी येईपर्यंत रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत मेणबत्ती लावीन, त्याचं ताट वाढीन. एक दिवस चुकली नाही. तापात असली तरी उठायची.

तर मार्झेल तिच्या दारात पोचला. खिडकीत मेणबत्ती होती.

"बूट झटकून ये आत. माझ्या फरशीवर तळं नको," ती म्हणाली. "आणि हे काय, पोट किती सुटलंय तुझं? गाडी तू ओढतोस की गाडी तुला ओढते?"

"उतारावर ती मला ओढते, मावशी."

तिनं जवाचं सूप वाढलं. टेबलावर तिसरं ताट होतं, राईच्या पावाचा तुकडा ठेवलेलं. मार्झेल त्याच्याकडे न बघता जेवायला लागला. पाहुण्यांचा निरोप कसा द्यावा, ते त्याला सुचेना.

तेवढ्यात वरून आवाज आला.

टक्. टक्. टक्.

स्कीच्या बुटांचा आवाज कुणाला कळत नाही? टाच आधी, मग पुढचा भाग. जड. खाटेकडून भिंतीकडे.

मार्झेलच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"जेव," फिलोमेना म्हणाली. "तोच आहे."

मार्झेलनं वर आढ्याकडे पाहिलं.

"दुसऱ्याच हिवाळ्यात आला. माझा नवस फळला रे. मी कुणाला बोलले नाही, तुम्ही मला वेडी ठरवलं असतं. रात्री खाली पडून त्याची पावलं ऐकायची. वाटायचं, घरात आहे. उबेला आहे. आईला आणखी काय लागतं?"

वरची पावलं थांबली. मग खरखर सुरू झाली. लाकडावर नखं ओढावीत तशी.

फिलोमेना ताटाकडे बघत होती.

"या वर्षी ही खरखर सुरू झाली. आज मी चर्चमध्ये मेणबत्ती हातात घेऊन उभी होते. मारियामातेनं आपलं बाळ देवळात नेऊन देवाच्या हाती दिलं, ते फादर सांगत होते. दरवर्षी सांगतात. आज पहिल्यांदा ऐकलं. मार्झेल, तो घरी आलेला नाहीये रे. तो जायला बघतोय. नवस केला मी, आणि कोंडून ठेवलंय त्याला."

तिनं खणातली पक्कड काढून टेबलावर ठेवली.

"खिळे तू मारलेस. तूच काढ. माझ्या बोटांत आता जोर नाही."

"आणि मग... नंतर पावलं आली नाहीत तर, मावशी?"

"ते मला कळत नाही असं वाटतं का तुला?"

तिनं खिडकीतली मेणबत्ती उचलली. मार्झेलनं पक्कड घेतली. दोघं जिना चढले. ती पुढं. तो मागं.

दार उघडलं.

खोलीत कुणी नव्हतं.

खाट, घडी केलेली गोधडी. उशाशी तो हातमोजा. भिंतीवर आतल्या बाजूनं पांढरं हिव गोठलेलं. आणि झडपेभोवतीचं लाकूड... घासून उजळलेलं. खांद्याच्या उंचीवर. लिआंडरच्या खांद्याच्या.

मार्झेलनं पहिला खिळा काढला. तो कुरकुरत निघाला.

दुसरा.

त्याच्या मानेमागं कुणीतरी उभं होतं. ओल्या लोकरीचा वास. बर्फाचा वास. मागं वळायची त्याची छाती झाली नाही.

तिसरा.

चौथा.

"बाजूला हो," फिलोमेना म्हणाली. "हे माझं काम."

तिनं झडपेवर हात ठेवला. किती वेळ ठेवला कोण जाणे. ओठ हलत होते. जपमाळ असेल, किंवा त्याला काही सांगत असेल. मग नेहमीच्या आवाजात, पोराला सकाळी कामावर धाडावं तसं, ती म्हणाली,

"जा बाळा. मागं कुणी राहिलं नाही. मी आहे बरी."

आणि झडप सरकवली.

बाहेर वारा होता. बर्फाचे कण सरळ आत आले, तिच्या तोंडावर बसले. पण मेणबत्तीची ज्योत... ती आत वळली नाही. वाऱ्याच्या विरुद्ध, झडपेकडे ताणली गेली. लांब झाली. बारीक झाली.

मग सरळ उभी राहिली.

ओल्या लोकरीचा वास गेला.

फिलोमेनानं झडप लावली. खाली येऊन तिसरं ताट उचललं, धुतलं, पुसून फडताळात ठेवलं. मग ओट्याला धरून रडली. त्या मार्चपासून पहिल्यांदा. मार्झेल म्हणतो, ते ऐकणं वरच्या पावलांपेक्षा अवघड होतं.

पुढच्या रविवारी लिआंडरची मिस्सा झाली. सगळं गाव आलं. ब्रोडरसेन मंडळीही आली. पोरीनं ससा काखेत धरला होता.

"मग संपलं, आजोबा?"

नाही, थांब. त्या रात्री बर्फ उघडला आणि मार्झेल घरी निघाला. चांदणं पडलं होतं. घराभोवती कोरा बर्फ, त्याची स्वतःची पावलंसुद्धा बुजलेली. पण वरच्या झडपेच्या बरोबर खाली स्कीच्या दोन रेघा होत्या. त्या कुठून आल्या नव्हत्या. भिंतीपाशीच सुरू झालेल्या. घराला वळसा घालून स्वयंपाकघराच्या खिडकीशी आल्या होत्या, आणि तिथं बर्फ दाबला गेला होता. कुणी बराच वेळ उभं राहावं तसा. तिथून त्या सरळ उतारावर गेलेल्या.

सकाळपर्यंत रेघा वाऱ्यानं बुजल्या. त्यांचं मी तुम्हाला काय दाखवणार?

पण उद्या रस्ता मोकळा झाला की फिलोमेनाच्या घरावरून जा. या थंडीत तिच्या सगळ्या काचांवर हिवाची नक्षी धरलेली असते. स्वयंपाकघराच्या काचेवरही. तिथं मात्र, पुरुषाच्या तोंडाच्या उंचीवर, ओंजळीएवढी एक जागा मोकळी असते. कुणी बाहेरून काचेला तोंड लावून श्वास सोडावा तशी.

तिथं हिव धरत नाही.

फिलोमेना ती काच पुसत नाही. नुसती बघते, आणि चूल पेटवते.